सेकंडहँड ट्रक घेतोय. मागचा एक्सल दुसऱ्या मॉडेलचा ‘डायरेक्ट बसतो’ म्हणतात. खरंच बसतो का?

सहावा_गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

एक सहाचाकी डिझेल ट्रक बघून आलो. मागे एकच एक्सल, जोडी टायर, एअर ब्रेक, सहा गिअर, वरचा गिअर डायरेक्ट (इंजिन आणि मधला शाफ्ट एकाच वेगाने). केबिन चकाचक. खाली वाकून बघितलं तर डाव्या बाजूला, पाट्याच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) बैठकीपासून वीतभर आत, हौसिंगवर (एक्सलच्या बाहेरच्या कवचावर) वेल्डिंगचा जाडजूड पट्टा. वरून काळा रंग फासलेला. मालकाला विचारलं तर म्हणाला, “ते जुनंच आहे हो, काही होत नाही. तुमचं मन खात असेल तर आमच्या मिस्त्रीकडे वरच्या मॉडेलचा अख्खा एक्सल पडलाय. तो टाकून देतो, डायरेक्ट बसतो.”

घ्यावा का तसा? आणि गाडी घेण्याआधी अजून काय बघू? मीटरवर ४,२०,००० किमी आहेत.

अर्धा_क्लच

बसतो हो. चार यू-बोल्ट (एक्सल पाट्याला आवळणारे), जॉइंटचे बोल्ट, हवेचे पाइप, संपलं. अर्ध्या दिवसाचं काम. वरच्या मॉडेलचा आहे म्हणजे मजबूतच असणार. फुकट मिळतोय तर घ्या.

पाटेवाला

अर्धा_क्लच, नाव सार्थ केलंत.

सहावा_गिअर, गॅरेजात ‘बसतो’ म्हणजे बोल्ट आत गेले, एवढंच. गाडी कशी चालेल, कशी थांबेल याच्याशी त्या शब्दाचं काही देणंघेणं नसतं. त्यामुळे आधी टेप घ्या आणि दोन्ही एक्सलवर पाट्याच्या बैठकींमधलं अंतर मोजा, सेंटर बोल्टच्या भोकापासून सेंटर बोल्टच्या भोकापर्यंत. इथे दहा मिलीमीटरचा जरी फरक आला तरी मिस्त्री म्हणेल, “भोक थोडं लांबवून घेऊ.” तिथेच हात जोडायचे. सेंटर बोल्टचं डोकं त्या भोकात घट्ट बसतं म्हणून एक्सल पाट्याखाली सरकत नाही. भोक लंबगोल केलंत की एक्सल तिरका जायला मोकळा, आणि मागून बघणाऱ्याला तुमची गाडी खेकड्यासारखी चालताना दिसेल.

मग हौसिंगच्या नळीची जाडी बघा, जुने यू-बोल्ट तिला चालणार नाहीत. तसेही जुने यू-बोल्ट परत वापरायचे नसतात, एकदा ताणले की ताणले. त्यानंतर पिनियनचा (शाफ्ट ज्याला फिरवतो त्या लहान गिअरचा) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती: बोल्ट किती, केवढ्या वर्तुळावर. आणि जे कोणी मोजत नाही ते, पिनियनचं नाक वर किती अंशांत बघतंय. गिअरबॉक्सकडचा आणि एक्सलकडचा जॉइंट यांचे कोन जवळपास सारखे हवेत, तर एकाने आणलेला झटका दुसरा खाऊन टाकतो. बैठक वेगळ्या कोनात वेल्ड केलेली असेल तर शाफ्ट कितीही बॅलन्स करा, ठराविक वेगाला केबिनचा तळ थरथरतोच. लोक सेंटर बेअरिंग बदलून थकतात, आणि दोष असतो तीन अंशांचा.

वेल्डिंगच्या पट्ट्याबद्दल: तो पट्टा आहे त्या बाजूच्या चाकाच्या आत बोट फिरवून या. ओलसर लागलं का सांगा.

रिव्हर्सलाइट

अवांतर, पण राहवत नाही. आमच्या ओळखीच्या एकाने जुगाड गाडीसाठी हौसिंग दुसरीकडून आणलं. बैठकी खालच्या बाजूला आल्या म्हणून पठ्ठ्याने हौसिंगच उलटं करून बसवलं. क्राऊन (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) या बाजूचा त्या बाजूला गेला. सगळं घट्ट केलं, पहिला टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे भिंतीत. पाच गिअर रिव्हर्स, एक फॉरवर्ड! शिवाय ब्रीदर (हवा जायचं छिद्र) खाली आलेला, त्यातून सगळं तेल जमिनीवर. बसलं मात्र डायरेक्ट होतं.

अर्धा_क्लच

हा हा हा. बरं, मागे घेतो शब्द. अर्धे.

शिम_आणि_मी

सगळे मापं सांगतायत, रेशो कोणीच विचारला नाही. दोन्ही एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, काय आहे? जुन्याचा हौसिंगवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या प्लेटवर असेल. पट्टीवर विश्वास ठेवू नका, मोजा.

मोजायची पद्धत सोपी आहे. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके. मागची एकच बाजू उचला, खाली स्टँड ठेवा, नुसत्या जॅकवर नको. गाडी न्यूट्रल, हवा भरून पार्किंग ब्रेक सोडलेला, म्हणून ओंडक्यांचा एवढा आग्रह. मधल्या शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राऊन एकच फेरा फिरतो. म्हणून शाफ्टचे जेवढे फेरे तोच रेशो. सातला थोडा कमी आला तर ४१/६, म्हणजे ६.८३. सहाला थोडा कमी आला तर ४१/७, म्हणजे ५.८६.

मोकळ्या रस्त्यावर अजून एक करा. शेजारी कोणालातरी फोनवर जीपीएसचा वेग लावून बसवा आणि मीटरशी ताडून बघा.

लेथकाका

शिमताईंनी मुद्द्याचं सांगितलं. मी गाडी विकत घेण्यापुरतं थोडं सांगतो, एक्सल नंतर.

गाडी बघायला जाताना कळवून जाऊ नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर मालकाने तुमच्या आधी चालू करून ठेवलंय, परत दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं. थंड इंजिन किती सेल्फ खातं ते ऐका. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर ठीक, पण इंजिन गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. झाकण हलकं थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर पिस्टन रिंगांच्या बाजूने हवा खाली येतेय.

मग चेसिस. पाट्याच्या हँगरजवळ आणि गिअरबॉक्सच्या मागच्या आडव्या मेंबरजवळ रंग खरवडून बघा. नवीन रंग दिसला की नख लावायचं, ही सवय ठेवा. मीटरवरचे किलोमीटर वाचा आणि विसरून जा. क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा, दाराच्या बिजागऱ्या यांना खोटं बोलता येत नाही.

सहावा_गिअर

आज परत जाऊन आलो. न कळवता. इंजिन थंड होतं, दीड सेकंदात चालू. झाकण थरथरलं, उडालं नाही. इथवर पास.

डाव्या चाकाच्या आत बोट फिरवलं, ओलसर. वास घेतला, कुजक्या अंड्यासारखा. उजवं कोरडं.

आणि आता मजा. मीटर ३० तेव्हा फोन ३५. मीटर ४५ तेव्हा फोन ५२-५३. मीटर ६० तेव्हा फोन ७०. मालक म्हणे मीटर बिघडलाय. गाडीच्या प्लेटवर ६.८३ लिहिलंय. मी खडूने मोजलं, दोन फेऱ्यांना शाफ्ट सहाला जरा कमी.

शिम_आणि_मी

मीटर बिघडलेला नाही, मीटर एकदम प्रामाणिक आहे! बिघडलेला मीटर कुठे जास्त, कुठे कमी दाखवतो. तुमचे तिन्ही आकडे एकाच प्रमाणात आहेत: सातास सहा. या गाडीत ४१/६ होता, कोणीतरी ४१/७ टाकलाय. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला बसतो, त्याला पुढे एक्सलमध्ये काय बदललं हे कळायचा मार्गच नाही. मोठ्या टायरमुळे एवढा फरक पडत नाही. २९५/८० आर २२.५ टायरचा व्यास साधारण १,०४४ मिमी. हा फरक टायरने आणायचा तर व्यास १,२१८ मिमी हवा, तो मडगार्डखाली मावणारच नाही.

म्हणजे तुम्ही दुसऱ्या मॉडेलचा भाग टाकायचा की नाही हे विचारताय, आणि तो आधीच टाकलेला आहे.

आता हिशोब करा. बदल केल्यापासून किलोमीटरसुद्धा कमीच मोजले गेलेत. अगदी सुरुवातीलाच बदलला असेल तर ४,२०,००० म्हणजे प्रत्यक्षात ४,९०,०००. खरा आकडा या दोहोंमध्ये कुठेतरी.

चालवायला काय फरक पडेल? ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १,००० मीटर. तुमचं टायर याच मापाचं असेल तर एका फेऱ्यात सुमारे ३.२ मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला ३१२ फेरे. डायरेक्ट गिअरमध्ये ६.८३ ला इंजिन २,१३० वर फिरतं, ५.८६ ला १,८३० वर. रिकाम्या गाडीला, सपाट रस्त्याला हे छान, डिझेल वाचतं. पण त्याच गिअरमध्ये चाकाला मिळणारी ओढ १४ टक्क्यांनी घटली. भरलेली गाडी चढावर उभी करून पुन्हा उचलताना ती घट क्लच भरून काढतो, जळून.

५.८६ टाकणं हे पाप नाही. सपाट रस्त्यावरच्या कामाला मी स्वतः सुचवलं असतं. न सांगता टाकणं आणि मीटर तसाच ठेवणं, याला मात्र दुसरा शब्द आहे.

पाटेवाला

डावीकडचा ओला वास गिअर ऑइलचाच. त्यात गंधकाची मात्रा असते, तो वास चुकत नाही. वेल्डिंगने हौसिंगची नळी जराशी वाकली असणार. हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा आतला दांडा) मग सरळ रेषेत राहत नाही, स्प्लाइनला (टोकाच्या खाचांना) रोज थोडा रगडतो आणि हबचं सील खातो. सील बदलून तात्पुरतं थांबेल. त्यांनी एकदा बदललंही असेल, विचारा.

नळी वाकली की नाही ते दोरीने कळतं. दोन्ही मागच्या चाकांच्या रिममधलं अंतर पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने मोजा. मागच्या एक्सलला ते सारखं यायला हवं.

दहाचाकी

धागा पळवतोय, माफी असावी. माझ्या टिपरच्या दोन मागच्या एक्सलपैकी शेवटच्याचा क्राऊन गेला. ६.१७ मिळतोय, माझा ५.८६ आहे. जवळपास सारखाच की, चालेल ना?

शिम_आणि_मी

नाही! दोन चालत्या एक्सलचा रेशो तंतोतंत एकच हवा. तुमच्या आकड्यांत पाच टक्के फरक आहे. दोन एक्सलमधलं डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) वळणापुरतं काम करायला केलेलं असतं, तुम्ही त्याला सरळ रस्त्यावर दिवसभर पळवणार. आणि कोरड्या रस्त्यावर त्याचा लॉक लावलात तर फरक जायला जागाच उरत नाही. टायर घासतील, नाहीतर काहीतरी तुटेल.

मी असा एक उघडलेला बघितलाय. आतली स्पायडरची (छोट्या गिअरांची) पिन निळी-जांभळी पडली होती, गिअर तिच्यावर वितळून चिकटलेले. तेल ओतलं तर काळं, डांबरासारखं. ड्रायव्हर महिनाभर सांगत होता की गाडी ‘जड’ चालते, पण मालकाने ऐकलं नाही.

दहाचाकी

बाप रे. थांबवतो सौदा. धन्यवाद ताई.

नळीतली_हवा

ब्रेकचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. वरच्या मॉडेलचा एक्सल सोबत वरच्या मॉडेलचे ब्रेक घेऊन येतो.

चेंबरवर (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्यावर) २४ किंवा ३० असा आकडा असतो, ते डायफ्रामचं क्षेत्रफळ, चौरस इंचात. त्याला स्लॅक अ‍ॅडजस्टरच्या (ब्रेकचा कॅम फिरवणाऱ्या) दांडीच्या लांबीने गुणायचं. २४ चा चेंबर आणि साडेपाच इंची दांडी म्हणजे १३२. ३० चा चेंबर आणि सहा इंची दांडी म्हणजे १८०. हवेचा दाब तोच, पण मागचा ब्रेक एकदम ३६ टक्के जास्त जोरात धरणार. ड्रम आणि कॅम वेगळे असतील तर तो फरक आणखी निराळा. पुढचे ब्रेक मात्र जुनेच. रिकाम्या गाडीला ओल्या रस्त्यावर जरा जोरात पाय दिलात की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीचं ढुंगण पुढे यायला बघतं. ‘मजबूत ब्रेक, चांगलंच की’ म्हणणाऱ्यांना हा अनुभव एकदा पुरतो. एकाच एक्सलवर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा चेंबर हा प्रकारही मी पाहिलाय, त्यावर बोलतच नाही.

एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर हबवरच्या रिंगचे दात मोजा. १०० दातांच्या जागी ८० ची रिंग आली तर कॉम्प्युटरला ते चाक २० टक्के हळू फिरताना दिसतं. त्याला वाटतं चाक घसरतंय, आणि नको तेव्हा तो ब्रेक सोडतो.

हो, आणि जड एक्सल टाकला म्हणून गाडीची वाहायची क्षमता वाढत नाही. चेसिस, पाटे, टायर, पुढचा एक्सल तेच आहेत, आणि प्लेटवरचा आकडाही तोच.

पिकअपप्रेमी

डिझेल पिकअपवाल्यांनी अजून एक बघा. हबवर आठ स्टड (चाकाचे बोल्ट) दिसले की लोक म्हणतात एकच माप. मागे एकेरी टायर असलेल्या फोर्ड सुपर ड्यूटीला १९९९ पासून स्टडचं १७० मिमीचं वर्तुळ, तशाच शेवरलेच्या जड पिकअपला २०१० पर्यंत १६५.१ आणि २०११ पासून १८०. १६५.१ ची रिम १७० च्या हबवर ‘जवळजवळ’ जाते, हा घात आहे. भोकं कानशीने वाढवून चढवलेली बघितलीत. अशा गाडीच्या शेजारून जाऊ नका.

लेथकाका

स्टडवरून आठवलं. जुन्या पद्धतीच्या हबवर डाव्या बाजूच्या स्टडना डावे आटे असतात. दुसऱ्या मॉडेलचा हब आणलात तर आधी एक नट हाताने फिरवून बघा. माझ्याकडे एक पोरगा आला होता, चार फुटी पाइप लावून नट ‘सोडवत’ होता. सहा स्टड तोडून झाल्यावर विचारायला आला.

बेअरिंगचंही सांगतो. मॉडेलच्या नावाने मागू नका, कडेवरचा नंबर वाचा. साध्या मेट्रिक नंबरात शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक. ३२३१० म्हणजे ५० मिमी, ३२३११ म्हणजे ५५. दोन मॉडेलच्या हबला एकच नंबर असेल तर बेअरिंग डोळे झाकून घ्या. कप (बाहेरचं कडं) आणि कोन (आतला रोलरचा भाग) मात्र जोडीनेच, जुन्या कपात नवीन कोन नको. बसवल्यावर डायल गेज (काट्याचं मापयंत्र) लावून खेळ, म्हणजे सैलपणा, बघायचा: ०.०२५ ते ०.१२५ मिमी. ‘हाताला बरं लागतंय’ हे माप नव्हे.

सहावा_गिअर

अपडेट. मोठा आहे.

मालकाला सांगितलं, एक्सल बदलणारच आहात तर आधी जुना उघडून दाखवा, मजुरी माझी. तयार झाला. फुल फ्लोटिंग आहे (वजन हौसिंगवर, हाफ शाफ्टवर नाही), त्यामुळे चाकं न काढता दोन्ही हाफ शाफ्ट बाहेर आले. डाव्या शाफ्टच्या टोकाच्या स्प्लाइन एका अंगाला चकचकीत घासलेल्या आणि किंचित पिळलेल्या, दोरीच्या पिळासारख्या. रिममधलं अंतर पुढून-मागून ७ मिमीने वेगळं. पाटेवाला, तुम्ही खोलीत बसून सांगितलंत ते!

ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी मलम. ते चालतं म्हणतात, पण त्यात नखाच्या टोकाएवढ्या दोन चकत्या होत्या. चिमटीत धरल्या तर कडा बोचतात.

मग कॅरिअर (क्राऊन-पिनियन बसवलेला भाग) काढला. क्राऊनच्या कडेवर कोरलेला नंबर पुसून वाचला, पिनियनच्या तोंडावरचा वाचला. दोन्ही वेगळे. दात ४१ आणि ७ बरोबर, पण जोडी एकमेकांची नाही. रिकाम्या गाडीला पन्नासच्या पुढे एक बारीक शिट्टी येत होती, मला वाटलं टायरचा आवाज.

मिस्त्रीकडचा एक्सलही मोजला. बैठकींमध्ये २० मिमी जास्त. रेशो ६.१७. चेंबर ३०, दांडी सहा इंच. गाडीचे २४ आणि साडेपाच. मिस्त्री म्हणाला, “भोक थोडं लांबवून घेऊ.” शब्दशः! मला हसू आवरेना.

शिम_आणि_मी

क्राऊन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, म्हणून नंबर कोरतात. एकाचा पिनियन गेला की दुसऱ्या गाडीतून फक्त पिनियन काढून टाकतात, तेच झालंय इथे. त्या दातांना निळा रंग लावून फिरवा. ठसा दाताच्या मध्याच्या आसपास यायला हवा, तुमचा बहुतेक एका टोकाला येईल. शिम (पातळ चकत्या) घालून ते पूर्ण सुधारत नाही, दोन परके दात एकमेकांना आयुष्यभर परकेच.

इंजिन आणि चेसिस खरंच चांगलं असेल तर गाडी सोडू नका. मिस्त्रीचा एक्सल मात्र जिथे पडलाय तिथेच पडू द्या. मालकाला दोन गोष्टी सांगा: याच मॉडेलचं सरळ हौसिंग, आणि एका नंबरची क्राऊन-पिनियन जोडी, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर दाखवून. ४१/६ की ४१/७ ते तुमच्या रस्त्यावर. सातचा ठेवलात तर मीटर नव्या रेशोला लावून घ्या. तेल जीएल-५ प्रतीचंच, गिअरबॉक्सचं उरलेलं ओतू देऊ नका.

अर्धा_क्लच

आणि डावा हाफ शाफ्टसुद्धा बदलून मागा. पिळलेला आहे म्हणजे तुटायच्या रांगेत उभा आहे. (बघा, शिकलो की नाही?)

एक_प्रवासी

पुढचा एक्सल असा बदलता येतो का? विचारून ठेवतो.

पाटेवाला

वेगळा धागा काढा. थोडक्यात: टाय-रॉडच्या दांड्यांचा कोन व्हीलबेसनुसार ठरवलेला असतो, लांब गाडीचा एक्सल आखूड गाडीला लावला की वळणावर पुढचे टायर एकमेकांशी भांडतात. आणि स्टिअरिंगच्या कुठल्याही दांडीला वेल्डिंग करतो म्हणणाऱ्या माणसाच्या दुकानातून गाडी ढकलत का होईना, बाहेर काढा.

सहावा_गिअर

मालक हौसिंगला हो म्हणाला, क्राऊन-पिनियनला कुरकुरतोय. मी ४१/६ मागितलाय, माझं निम्मं काम खाणीच्या चढावरचं आहे. परवा सकाळी जोडी येणार, माझ्यासमोर बसवायची असं ठरलंय. डायल गेज त्यांच्याकडे नाही, मी एकाकडून मागून आणतोय.

लेथकाका

मॅग्नेटचा बेस पण मागून घ्या. नुसतं गेज आणतात आणि मग हातात धरून माप घेतात.